पायाला मुंग्या आल्या म्हणून

आमच्या चर्चच्या मंडळीतली जुनी माणसं अजूनही माझी ओळख ‘देवाच्या सेवेचं पाचारण झालेला मुलगा’ अशी करून देतात. मी चव्वेचाळीस वर्षांचा आहे, निम्मे केस पांढरे झालेत, आणि खरी गोष्ट एवढीच आहे की त्या दिवशी माझ्या उजव्या पायाला मुंग्या आल्या होत्या.

मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो. आम्ही भायखळ्याला राहत होतो आणि मंडळीचं तरुणांचं शिबिर दर उन्हाळ्यात नगरकडच्या एका शाळेत भरायचं. शेवटच्या संध्याकाळी समर्पणाची सभा असायची. ज्यांना ही सभा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सगळे सतरंजीवर मांडी घालून बसतात, संदेश लांबत जातो, मग सगळ्यांना डोळे मिटायला सांगतात आणि आमचे पाद्री, म्हणजे पाळकसाहेब, विचारतात, “देवाच्या सेवेसाठी आयुष्य द्यावं अशी हाक कुणाला आली आहे का? आली असेल त्यानं उभं राहावं.” सव्वा तास मांडी घालून माझा पाय लाकूड झाला होता. सगळ्यांचे डोळे मिटलेले होते, म्हणजे कुणी बघणार नाही, या हिशेबानं मी तो झटकायला उभा राहिलो. संदेश कुठवर आलाय याकडे माझं अजिबात लक्ष नव्हतं.

“हालेलूया,” पाळकसाहेब म्हणाले.

मी डोळे उघडले तर सगळी सतरंजी माझ्याकडे बघत होती. शिबिराचा स्वयंपाक महिला संघाकडे होता, म्हणून आईही आलेली. ती कणकेचे हात घेऊन दारात आली, मला उभं पाहिलं आणि तिथंच भिंतीला टेकून रडायला लागली. माझ्या आधी तिची दोन मुलं जगली नव्हती. माझ्या वेळेला तिनं देवाला नवस म्हणावा असा शब्द दिला होता की हा जगला तर तुझ्या कामाला देईन. तो शब्द पोटात घेऊन ती सतरा वर्षं वाट बघत होती, आणि मला तो पक्का माहीत होता. अशा वेळी पायाच्या मुंग्यांबद्दल कोण बोलणार? मी उभाच राहिलो.

तिथवर चूक पायाची होती. पुढची माझी. पुढच्या रविवारी उपासनेत मला साक्ष द्यायला, म्हणजे देवाचा अनुभव सगळ्यांपुढं सांगायला, सांगितलं आणि मी चक्क सांगितलं की मला आवाज ऐकू आला. लोकांनी हालेलूया म्हटलं, डोळे पुसले. मला थोडं बरंही वाटलं, हे कबूल करतो.

पाळक होण्याच्या शिक्षणासाठी अर्ज गेला. मुलाखतीला एक म्हातारे गुरुजी होते. त्यांनी मला चहा दिला आणि शांतपणे विचारलं, “आवाज काय म्हणाला?”

“ये म्हणाला.”

“आणि तुम्ही काय म्हणालात?”

याचा मी विचारच केला नव्हता. “हो म्हणालो,” मी म्हटलं.

“लगेच?” असं म्हणून ते हसले. वाईट हसले नाहीत, पण उरलेला चहा मी एका घोटात संपवला. तीन आठवड्यांनी त्यांचं पत्र आलं. यंदा प्रवेश देत नाही, असं लिहिलं होतं. ‘वर्षभर हाताला जे काम मिळेल ते मनापासून करा. त्यात काय कळलं ते लिहा, मग पाहू.’

पत्र आलं त्याच आठवड्यात बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. ते छापखान्यात होते, पुन्हा कामावर जाणं शक्यच नव्हतं. पत्र माझ्या खिशात होतं. संध्याकाळी इस्पितळाच्या बाकावर आईनं माझा हात धरला आणि म्हणाली, “बाळा, एक वर्ष थांबशील का रे? घर कोण बघणार? एका वर्षानं जा, मी स्वतः सोडायला येईन.”

त्या क्षणी खिशातलं पत्र काढून दाखवलं असतं तर प्रश्न मिटला असता. मी काय केलं? मोठा सुस्कारा टाकला आणि म्हणालो, “तू म्हणतेस तर थांबतो, आई.” नापास झालेला मुलगा एका मिनिटात त्यागी झाला. ते एक वर्ष पुढं कधी संपलं नाही.

हाताला जे काम मिळालं ते रक्त काढायचं होतं. एका प्रयोगशाळेत आधी बाटल्या धुतल्या, मग तिथलाच कोर्स केला, आणि भायखळ्याची खोली सोडून आम्ही भाईंदर पूर्वेला इंद्रलोकला आलो तेव्हापासून मी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेतोय. पहाटे सव्वापाचला स्कूटर काढायची, मागं बर्फाची पेटी, आणि नऊच्या आत रिकाम्या पोटाची सगळी माणसं उरकायची. उपाशी माणूस फार लवकर चिडतो. माझ्यावर मराठी, हिंदी आणि गुजराती अशा तीन भाषांत माणसं चिडलेली आहेत.

पहिल्याच महिन्यात जेसल पार्कमध्ये एका आजोबांना मी चार वेळा टोचलं आणि शीर सापडली नाही. त्यांनी फक्त बाही खाली ओढली. मी जिन्यात बसून रडलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यांच्याकडेच जायचं होतं. दंडाला पट्टा बांधला, बोटानं चाचपलं आणि मनात म्हणालो, ‘प्रभू, एकाच वेळेस.’ शीर सापडली. तेव्हापासून प्रत्येक हातापुढं मी हे तीन शब्द म्हणतो. दर वेळी सापडतेच असं नाही. देव काही माझा मदतनीस नाही. पण ते शब्द म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ तरी मी समोरच्या माणसाकडे नीट बघतो, त्याचा हात धरून थांबतो, आणि माझी घाई थोडी उतरते.

या कामानं मला जे दिलं ते मोजायला बसलो तर दुपार होईल. सकाळी पावणेसहाला, दात न घासलेल्या, पांघरूण लपेटलेल्या अवस्थेत माणसं मला घरात घेतात. इतक्या लवकर नातेवाईकसुद्धा कुणी घेत नाही. रिपोर्टमध्ये काय निघेल या भीतीनं बायका माझ्याशी भलत्याच विषयावर बोलतात, आणि मीही बोलतो. इंद्रलोकमधल्या एका बेननी तर प्रयोगशाळेला ताकीद देऊन ठेवलीय, “वो सफेद बालवाले भैया को ही भेजना, दूसरा आया तो मैं दरवाजा नहीं खोलूँगी.” एकदा एका लहान मुलीनं टोचून झाल्यावर मलाच विचारलं, “तुम्हाला दुखलं का?” त्या दिवशी मी घरी येताना मोठ्यानं गाणं म्हणत आलो.

आईला मात्र हे काम कधी रुचलं नाही. तिनं कधी तोंडावर म्हटलं नाही, पण माझी पेटी दिसली की ती नजर फिरवायची. “ज्या हातांनी प्रभुभोजनाची भाकर मोडायची,” पाळकाच्या कामाबद्दल एवढंच ती एकदा म्हणाली आणि वाक्य सोडून भाजी निवडायला लागली. तिला साखर आहे, तीन महिन्यांनी तपासावी लागते. पण घरात रक्त काढणारा मुलगा असून ती रिक्षा करून प्रयोगशाळेत जायची आणि दुसऱ्या कुणाकडून टोचून घ्यायची. माझ्यापुढं तिनं कधी हात केला नाही. लोक थट्टेनं विचारायचे, “मुलावर विश्वास नाही का?” मी हसायचो. ती हसायची नाही.

आमच्यात वाढदिवसाला घरी उपकारस्तुती करतात. पाळकसाहेब येतात, चार घरं येतात, दोन गीतं, प्रार्थना, मग केक आणि वेफर्स. माझ्या वाढदिवसाला शेवटची प्रार्थना आईच करते. माझ्यासाठी, सुनेसाठी, नातवंडांसाठी आभार मानून झाले की दर वर्षी तिचा आवाज बसतो. “प्रभू, तुझ्या कामाच्या आड मी आले. तू बोलावलंस आणि मी आई असून अडवलं. मला क्षमा कर.” आणि सगळ्यांबरोबर मीही म्हणतो, “आमेन.” बाबा गेले त्याच्या आधीही म्हणायचो, नंतरही म्हणालो. सव्वीस-सत्तावीस वेळा मी आईच्या नसलेल्या पापावर आमेन म्हटलंय. ते पत्र माझ्या प्रमाणपत्रांच्या फाइलमध्ये होतं. मला वाटायचं, आता सांगून काय उपयोग? माणूस स्वतःला किती छान समजावतो.

यंदा आईच्या पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशन ठरलं. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं काही नाही, पण बहात्तराव्या वर्षी भूल म्हटली की माणूस आपली आवराआवर करायला लागतो. आईनं कपाटातल्या साड्या वाटून टाकायला काढल्या. आणि एका गुरुवारी रात्रीच्या जेवणात सहज म्हणाली, “पाळकसाहेबांशी बोलले मी. येत्या रविवारी उपासनेत उभी राहणार आहे.”

“कशाला?” मी विचारलं.

“क्षमा मागायला. घरात म्हणते रे मी, पण हाक मंडळीपुढं आली होती ना. तू उभा राहिलास तेव्हा सगळे होते. मी अडवलं तेही सगळ्यांपुढं सांगायला हवं. मग मी मोकळी. भूल देऊ देत नाहीतर काही करू देत.”

हातातला घास मी परत ताटात ठेवला. बायकोनं पाणी पुढं केलं. तिलाही मी कधी सांगितलं नव्हतं. आई शांतपणे जेवत होती. आता आमची मंडळी भरते त्या भाईंदरच्या शाळेच्या भाड्याच्या हॉलमध्ये, भायखळ्याहून आलेल्या जुन्या माणसांसकट दीडशे जणांपुढं, ही बाई माझ्या खोटेपणाची क्षमा मागणार होती आणि त्याच ओझ्यासकट ऑपरेशनच्या टेबलावर झोपणार होती.

शुक्रवारी सकाळी मी कामावर होतो, पण डोकं जाग्यावर नव्हतं. शेवटचं घर राई गावात. तिथं एक आजी आहेत, मी त्यांच्याकडे आठ वर्षं जातोय. घरामागं शेत होतं तिथं आता सात मजली इमारत आहे, पण आजींचं बैठं घर, ओटा आणि दोरीवर सुकणारे बोंबील अजून तसेच आहेत. त्यांच्या शिरा दोऱ्यासारख्या बारीक. म्हणून मी यायच्या आधी त्या हात कोमट पाण्याच्या टोपात बुडवून ओट्यावर बसून असतात. ही युक्ती त्यांची स्वतःची. मी ती आता सगळीकडे सांगतो.

त्या दिवशी मी पट्टा बांधला आणि सरळ सुई घातली. शीर सरकली. सुई काढून दुसरीकडे घातली. तीही गेली. मी तिसरी जागा शोधायला लागलो तसा आजींनी हात झटकन मागं ओढला.

“न्हाय! थांब तू.”

“आजी, सॉरी. दुसरा हात द्या.”

“हात देते रं. पन आज तू म्हनला न्हायस.”

“काय म्हटलं नाही?”

“तां तुजा. सुई घालायच्या आदी व्हट हलवतोस नं दर टायमाला? आज हलले न्हाय. म्हनून शीर गावत न्हाय.” आणि दारात उभ्या असलेल्या आपल्या सुनेकडे वळून म्हणाल्या, “हा तेच्या देवाला इचारल्याबिगर हात लावत न्हाय. आज इसरला.”

मी पट्टा सोडला. आठ वर्षांत या बाईला मी कधी धर्माचं एक अक्षर सांगितलं नव्हतं. माझे ओठ हलतात हेही मला माहीत नव्हतं. भरल्या उपासनेत खोटी साक्ष दिली तेव्हा सगळ्यांनी हालेलूया म्हटलं. आणि खरं काय होतं ते इथं राईत एक म्हातारी हात पाण्यात बुडवून दर महिन्याला बघत होती, आणि मी चुकलो तर हात आखडून घेत होती.

“म्हन आता,” त्या म्हणाल्या. मी म्हटलं. दुसऱ्या हाताची शीर मिळाली. “हाय का न्हाय!” आजी सुनेला म्हणाल्या आणि हात पदराखाली घेऊन चहाचं बघायला उठल्या.

नमुने देऊन मी घरी गेलो. फाइल काढली, पत्र काढलं, आणि आई पलंगावर बसून साड्यांच्या घड्या घालत होती तिथं जाऊन सगळं सांगितलं. पायाच्या मुंग्या, नसलेला आवाज, चहा देणारे गुरुजी, खिशातलं पत्र आणि इस्पितळाच्या बाकावरचा माझा सुस्कारा. सांगताना एकदाही थांबलो नाही. थांबलो असतो तर परत सुरू झालो नसतो.

आईनं चष्मा लावून पत्र दोनदा वाचलं. मला वाटलं होतं, ती रडेल, जवळ घेईल. ती भडकली.

“मुंग्या?” ती म्हणाली. “मुंग्या आल्या म्हणून उभा राहिलास? आणि मी सत्तावीस वर्षं देवापुढं नाक घासतेय? तुझे बाबा जाताना मी त्यांनासुद्धा म्हटलं की माझ्यामुळं झालं. आणि तू शेजारी उभा होतास! आमेन म्हणत होतास!”

“चुकलं, आई.”

“चुकलं काय? मीठ जास्त झालं का भाजीत? जा इथून.”

मी गेलो. शनिवारी ती माझ्याशी बोलली नाही. चहा सुनेकडे मागितला, औषध नातीकडून घेतलं. दुपारी मात्र दाराच्या फटीतून मी पाहिलं, पत्र पुन्हा तिच्या हातात होतं आणि एका ओळीवर ती बोट ठेवून बसली होती. कुठली ओळ ते मला दिसलं नाही.

रविवारी हॉलमध्ये ती पुढच्या रांगेत बसली. उपासनेच्या मध्यावर पाळकसाहेब म्हणाले की आज एक भगिनी काही सांगणार आहेत, आणि तिच्याकडे बघितलं. आई उठली नाही. तिनं मान वळवून तिसऱ्या रांगेत बसलेल्या माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत ना माया होती ना राग. वर्गात बाई ज्याचं उत्तर बाकी आहे त्याच्याकडे बघतात तसं ती बघत होती.

मी उभा राहिलो. या वेळी खुर्च्या होत्या आणि दोन्ही पाय ठणठणीत होते. मी सगळं सांगितलं. मुंग्यांपाशी लोक हसले, पत्रापाशी हसू थांबलं. शेवटी म्हणालो, “माझ्या आईनं मला कुठंही अडवलं नाही. मला हाक ऐकू आली नव्हती. मला फक्त रोज सकाळी जाण्यासाठी घरं मिळाली, आणि त्याबद्दल मी देवाचा आभारी आहे. एवढीच माझी साक्ष.” हालेलूया कुणी म्हटलं नाही. बाहेर चहाच्या वेळी एका आजोबांनी खांद्यावर हात ठेवून विचारलं, “आमच्याकडे मंगळवारी येशील का? हिची थायरॉईडची तपासणी आहे.”

सोमवारी ऑपरेशनआधीच्या तपासण्या होत्या. मी पाचला पेटी भरत होतो तेव्हा आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. केस विंचरलेले, साडी नेसलेली. मला वाटलं, नेहमीप्रमाणं रिक्षा बोलवायला सांगेल. ती टेबलाशी खुर्ची ओढून बसली, ब्लाउजची बाही वर सारली आणि डावा हात माझ्यापुढं टेबलावर ठेवला. हात कोपरापर्यंत ओला आणि कोमट होता. राईच्या आजींची युक्ती मी घरात बोललो होतो, तिनं ती ऐकून ठेवली होती.

“घे,” ती म्हणाली.

मी तिच्यासमोर बसलो. हजारो हात धरलेत, पण सुईसाठी हा पहिल्यांदाच. दंडावर पट्टा बांधला, कापसानं पुसलं. तिचा हात भाजणीच्या पिठाचा, साबणाचा, आयुष्यभराच्या कामाचा, आणि शीर खोल गेलेली.

“गुरुजींनी वर्षभर लिहिलं होतं,” आई म्हणाली. “हाताला मिळेल ते काम कर, म्हणून. तू जरा जास्तच केलंस.” मग हनुवटीनं सुईकडे खूण केली. “ते जे काय म्हणतोस ते मोठ्यानं म्हण. मला ऐकायचंय.”

मी मोठ्यानं म्हणालो, “प्रभू, एकाच वेळेस.”

सवयीनं मी तिच्या आमेनसाठी क्षणभर थांबलो. ती ओठ घट्ट मिटून हाताकडे बघत राहिली. मी सुई आत घातली. नळीत रक्त चढायला लागलं, अर्धी भरली, पूर्ण भरली. मी पट्टा सोडला, सुई काढली, कापूस दाबला आणि तिचा हात कोपरातून दुमडला.

“आमेन,” आई म्हणाली.